भुईगावच्या शाळेत बिल्डर आला

भुईगावला जायचं ठरलं ते समुद्रासाठी नव्हे, सुनेच्या कॉम्प्युटरसाठी. सुजाता विरारच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. संस्थेच्या शाळा तीन: विरार, कामण, भुईगाव. तिन्हीकडे कॉम्प्युटर आहेत आणि त्यांचं एकमेकांशी सवतीसारखं. पोरगं कामणहून विरारला आलं की नावापासून मार्कांपर्यंत सगळं पुन्हा टाइप करा. आता नवे कॉम्प्युटर घ्यायचे होते. आधी तिन्ही शाळांचा एक आराखडा, मग खरेदी, असं सुजाताचं म्हणणं. चेअरमन हो म्हणाले तर काम तिच्या हाती, नाहीतर पुन्हा ज्याची त्याची खरेदी.

"आई, चला. मीटिंगनंतर समुद्र दाखवते," म्हणाली. लाच बरी होती.

वसई स्टेशनबाहेर भुईगावची एसटी मिळते. रिक्षा करणार असाल तर भाव बसायच्या आधी ठरवा. पुढे वाड्या लागतात आणि गल्ल्या इतक्या अरुंद की एसटी लोकांच्या ओटीवरूनच जाते असं वाटतं. उतरल्यावर केळी घ्या. मी केळीवालीला विचारलं, "सुनेला हवीत. गोड आहेत ना गं?"

"खाऊन बघ. गोड नाय निघाली तर केली ठेव नि सून परत कर!"

शाळेत चेअरमनसाहेबांबरोबर एक बिल्डर उभा, हातात मेजरटेप. सुजाता त्यांना फोनवर आराखड्याऐवजी 'आर्किटेक्चर' म्हणाली होती. आमच्या वसई-विरारात हा शब्द ऐकला की माणूस मजले मोजायला लागतो.

"मॅडम, कॉम्प्युटरची बिल्डिंग किती मजली?" बिल्डरने विचारलं.

सुजाताचा चेहरा पडला. मग म्हणाली, "चला साहेब, बिल्डिंगच बघू." मागच्या बाजूला एक जिना होता. वर जाऊन थेट भिंतीला थडकलेला. पोरं त्यावर बसून डबा खात होती.

"साहेब, हा कुठे जातो?" तिने चेअरमनना विचारलं.

"कुठेच नाही. जुनी इमारत वेगळी बांधली, नवी वेगळी. मजले जुळले नाहीत."

"आपले कॉम्प्युटरही असेच घेतलेत. मला बांधायचं काही नाही, जुळवायचंय."

बिल्डर फिसकन हसला. चेअरमन हसले नाहीत, कारण जिना त्यांच्याच कारकिर्दीतला. मी मनात म्हटलं, गेलं हिचं काम. समुद्र तरी पदरात पडू दे.

"टोमणा छान मारता, मॅडम," चेअरमन म्हणाले.

"घरी शिकवणी आहे," म्हणत तिने माझ्याकडे बोट केलं.

"मग ऐका. तिन्ही हेडमास्तरांना एका टेबलाशी बसवा. एकमेकांचा चहासुद्धा पीत नाहीत ते. बसले, तर खरेदी तुमच्या आराखड्याने. तोवर बंद."

समुद्र बघितला. मोठा आहे. चपला हातात घ्या, वाळू चिकटते. उन्हं कलती झाल्यावर जा, सावली शोधत बसावं लागत नाही. सुजाताने पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कामणच्या हेडमास्तरांना मोबाइलवर "सर, फक्त चहाला या" म्हणून मस्का लावत होती.

घरी आल्यावर मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "आई, काय काय बघितलंस?"

"तुझी बायको बघितली," म्हटलं. "तिच्या अंगावर आता तीन शाळा आहेत. उद्यापासून डबे तू भर."