मेव्हण्याच्या पोटातली घरं

माझ्या मेव्हण्याच्या पोटात जेवढी घरं आहेत तेवढी डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुक्यांच्या जमिनीवर मिळून नसतील. कुणाचं घर विकायला निघालंय, कुणाचं निघणार आहे, कोण भाड्यानं खोली शोधतंय आणि कशापायी, हे सगळं त्या माणसाच्या आत भरलेलं आहे आणि तिथून बाहेर यायला वाट नाही. मी त्याचं तोंड उघडायचा प्रयत्न केला. चांगले दोन महिने केला. मी चौथी शिकलेला, फुग्यांच्या कारखान्यात रबराच्या चिकात साचे बुडवण्यात जन्म गेला, लिहायची मला सवय नाही. पण घरात बसवत नाही आणि बाहेर करमत नाही, म्हणून लिहितोय.

माझी बायको आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते मोड आलेले वाल सोलण्याचं. सकाळचे दहा वाजले असतील. दोघं ओट्यावर, मध्ये परात. मी सोललेल्या वालांना सालं राहतात म्हणून ती ते पुन्हा तपासत होती आणि म्हणत होती, "तुमच्यानं एक काम धड होईल तर शप्पथ." तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ, म्हणजे हाच माझा मेव्हणा, स्कूटरवरून आला. आत आला नाही, रस्त्यावरच उभा राहिला. ती पदराला हात पुसत गेली, दोघं खालच्या आवाजात काहीतरी बोलली, तिनं मान हलवली, तो निघून गेला. मी विचारलं, "काय म्हणत होता?" ती म्हणाली, "काही नाही. वाल सोला." दुपारी तिनं भाताचं पातेलं उतरवलं, चुलीपाशीच भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाला, हार्ट. मी म्हटलं, असेल.

मेव्हणा घर-जमिनीचा एजंट. डहाणू रोडला एका शटरची जागा, एक टेबल, एक बाक, एक पंखा. लोक त्याला दलाल म्हणतात, त्याचं त्याला काही वाटत नाही. पण 'अमक्याचं काय चाललंय हो?' असं कुणी विचारलं की त्याचा चेहरा भिंतीसारखा होतो. त्याच्या बोलण्यात कुणाला नाव नसतं. "एका माणसाला एक घर हवं होतं, ते दुसऱ्या एका माणसाकडे होतं," यापुढे त्याची गोष्ट जात नाही. त्याची बायको म्हणायची, "लग्नाला वीस वर्षं झाली, हे दिवसभर काय करतात ते मला बाहेरच्यांकडनं कळतं." गिऱ्हाइकाला घर दाखवायला नेताना हा सरळ रस्त्यानं कधी जायचा नाही. शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून हातात रिकामी डब्याची पिशवी घ्यायचा आणि कुणी विचारलंच तर बरोबरच्या माणसाला आपला आतेभाऊ सांगायचा. असं करत करत त्यानं उंबरगावपासून वापीपर्यंत निम्म्या गुजरातला आतेभाऊ करून ठेवलं होतं. माझ्या सासऱ्यांना बहीण एकच, तीही लहानपणीच गेलेली. एकदा बाजारात एका म्हाताऱ्यानं मला गाठून विचारलं, "तुमच्या मेव्हण्याच्या आत्याला मुलं तरी किती?" मी म्हटलं, "भाव वाढला की वाढतात."

तोंड बंद ठेवणारा माणूस लबाड असतो असा माझा पहिल्यापासूनचा समज. पण ह्याच्या बाबतीत तो टिकला नाही. एकदा मी त्याच्याकडे बसलो असताना पांढरी गाडी आली. आतून अंगठ्याच अंगठ्या घातलेला एक शेठ उतरला. त्याला तलासरीकडची वारल्यांची जमीन हवी होती. ती बाहेरच्याला अशी घेता येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेठ म्हणाला, "एखाद्या त्यांच्यातल्याच माणसाच्या नावावर घेऊ. बद्धुं काम थई जशे, भाई, सगळं होऊन जाईल." मेव्हण्यानं त्याला चहा पाजला, कप खाली ठेवू दिला आणि मग म्हणाला, "ज्याच्या नावावर घेणार त्याच्या घरी तुम्ही चहा प्यायलात का? आधी तिथे प्या." शेठ शिव्या घालत गेला. संध्याकाळी त्या पाड्यावरची चार माणसं धावत आली, गाडीवाला कोण होता म्हणून. मेव्हणा म्हणाला, "साखर जास्त घेणारा होता." त्यापलीकडे शब्द नाही. मग मात्र त्यानं त्या चौघांना बाकावर बसवलं, कुठल्याही कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, सातबारा घरात नीट ठेवा, कुणी कितीही गोड बोललं तरी आधी तलाठ्याकडे जा, असं अर्धा तास समजावलं. नाव सांगितलं नाही, पण कुलूप लावायला शिकवलं. माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही. मला वाटलं, नाव सांगितलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

आणि पिठाच्या गिरणीवाल्या दोन भावांचं तर सगळ्या डहाणू रोडला माहीत आहे. दोघं एका घरात राहायचे आणि एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. थोरला गुपचूप मेव्हण्याकडे आला, मला ह्याच्यापासून लांब फ्लॅट बघ, घरी कळता कामा नये. आठवड्यानं धाकटा आला, अक्षर न् अक्षर तेच बोलला. दोघांच्या ऐपतीचं एकच बांधकाम चालू होतं, सरावलीच्या बाजूला. मेव्हण्यानं दोघांना वेगवेगळ्या दिवशी दाखवलं, दोघांनाही दुसरा मजला आवडला. भटजी एकच, मुहूर्तही एकच निघाला. वास्तुशांतीच्या सकाळी थोरला तांब्या घेऊन दारात आला तर समोरच्या दारात धाकटा तांब्या घेऊन उभा, आणि मध्ये भटजी, आधी कुठे शिरू म्हणून. दोघं तसेच सोवळ्यात मेव्हण्याच्या ऑफिसात आले.
"तुला माहीत होतं?"
"दोघांचंही."
"मग बोलला का नाहीस?"
"तुम्ही सांगू नको म्हणालात. तुम्ही पण सांगू नको म्हणालात. मी कुणाचं मोडायचं?"
त्यानंतर वर्षभर मेव्हण्याच्या घरी दळण दुसऱ्या गिरणीतून यायचं.

पुढे तो नवा कायदा आला, एजंटांनीही सरकारात नोंद करून नंबर घ्यायचा. बाकीचे एजंट कुरकुरले. हा पहिल्या फटक्यात गेला, सर्टिफिकेट आणलं, काच बसवून टेबलाच्या मागे लावलं. मी म्हटलं, "आता तरी बोलशील का? सरकारी माणूस झालास." तो म्हणाला, "भावोजी, आतापर्यंत माझ्या मर्जीनं गप्प होतो. आता नंबर घेऊन गप्प आहे."

हे सगळं मी हसत हसत सांगायचो, कारण त्यात माझं काही अडकलं नव्हतं.

मग दिवाळी झाली आणि त्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली. आमचं गाव डहाणू आणि तलासरीच्या मध्ये, हादरे आमच्या पायाखालीच. भांडी वाजायची, कुत्री ओरडायची, लोक घरं सोडून तंबूत झोपायला लागले. आमच्या भिंतीला खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत हात जाईल एवढी चीर पडली. बायको म्हणाली, "डहाणूला दोन खोल्या घेऊ भाड्यानं. मला भीती वाटते." मी म्हटलं, "ह्या घराच्या विटा मी डोक्यावरून वाहिल्यात. मी हलणार नाही. तुला जायचं तर जा." चारचौघांत म्हटलं.

आणि आठवड्याच्या आत मीच गुपचूप मेव्हण्याकडे गेलो. दोन खोल्या बघ, तळमजल्यावर, नळाला पाणी असेल अशा, तिचे हात दुखतात. घराचं काय येईल तेही बघ. पण तुझ्या ताईला कळता कामा नये. एवढा ओरडून बसल्यावर लगेच कसं सांगू? मीच सांगीन, संक्रांतीला सांगीन. त्यानं मान हलवली, वहीत एक पान लिहिलं, वही बंद केली. संक्रांत आली, तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो खाल्ला आणि बोललो नाही. खोल्या दोनदा सापडल्या, दोनदा मी म्हटलं, थांब जरा. मग वाल सोलायचा तो दिवस आला.

तिच्या दहाव्याला शेजारची बाई मला म्हणाली, "ताई महिन्यात तीनदा डहाणूला गेल्या. भावाच्या ऑफिसात बाकावर बसलेल्या मी स्वतः बघितल्या." मला ती सांगायची, हाताला औषध आणायला जाते. मला त्या दिवसापासून एकच कळायला हवं होतं. ती दोघांसाठी खोली बघत होती, का मी 'जा' म्हटलं म्हणून एकटीसाठी?

मी रोज शेअर रिक्षा पकडून डहाणू रोडला जायला लागलो. बाकावर बसायचो, उठायचो, रेल्वेच्या फाटकापर्यंत जायचो, परत यायचो. गिऱ्हाईक गेलं की विचारायचो.
"तुझी ताई कशाला येत होती?"
"चहा घ्या, भावोजी."
"चहा गेला खड्ड्यात. बोलू नकोस. दोघांसाठी असेल तर नुसती मान हलव."
त्यानं खरोखर दोन्ही हातांनी आपली मान धरली. चुकून हलेल म्हणून.
"अरे, माझी बायको होती ती!"
"घरी. ह्या बाकावर बसली तेव्हा गिऱ्हाईक होती. तेव्हा माझी ताईसुद्धा नव्हती."
"मेली ती."
"माहीत आहे. खांदा मीही दिलाय."
"मग मेलेल्या माणसाचं काय लपवायचं राहिलं?"
तो म्हणाला, "जिवंत माणूस उद्या येऊन म्हणू शकतो, बाबा, आता सांगितलंस तरी चालेल. ती कशी येणार म्हणायला?"

मी त्याला नको नको ते बोललो. तुझी तक्रार करतो म्हटलं. त्यानं शांतपणे एका कागदावर तक्रार कुठे करायची तो पत्ता लिहिला, भिंतीवरच्या सर्टिफिकेटाकडे बघून खाली आपला नंबर लिहिला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "ह्या नंबराशिवाय ते घेणार नाहीत. पण भावोजी, मी त्यांनाही सांगणार नाही." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी कागद घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो.

शेवटच्या वेळी मी टेबलावर मूठ आपटली. "तुला काळीज नाही. बहिणीनं डोळे मिटले आणि तू तिच्या नवऱ्याला जाळतोयस."
तेव्हा तो पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला. "तुम्ही आला होता ना दिवाळीनंतर? माझा हात तुमच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती, ताईला कळू देऊ नको म्हणून. मी मोडायला हवं होतं? मोडलं असतं तर..." तिथंच थांबला.
"तिनं विचारलं होतं का तुला? मी आलो होतो का म्हणून?"
तो उठला, कपाटातून एक फाइल काढली आणि फडक्यानं पुसायला लागला. फाइल स्वच्छ होती. तो पुसतच राहिला आणि त्याच्या नाकाचं पाणी फाइलवर पडलं. "तुम्ही निदान मला विचारू शकता, भावोजी," तो म्हणाला. "मी कुणाला विचारू, की मी बरोबर केलं का?"

मला तोवर वाटायचं की कोंडी माझीच आहे. मी आणि बायको, आम्ही दोघंही त्याच बाकावर वेगवेगळ्या दिवशी बसून गेलो. आमचं दोघांचं मागणं एकच होतं, का एकाचं पूर्वेला आणि एकाचं पश्चिमेला, हे जगात एकट्या ह्यालाच ठाऊक. आणि त्याची सख्खी बहीण गेली होती. मी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. त्याला म्हटलं, "चहा सांग." आम्ही चहा प्यायलो. त्यानंतर मी तो प्रश्न त्याला विचारलेला नाही. ओठांवर येतो, नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पुन्हा गेलो. बाकावर एक बाई होती, तिच्यामागे नंबरानं बसलो. माझी पाळी आली. मेव्हण्यानं नवीन पान काढलं आणि मला कधी बघितलंच नाही अशा आवाजात विचारलं, "नाव?" मी सांगितलं. "माणसं किती?" मी म्हटलं, "एक." पेन क्षणभर अडलं, मग त्यानं लिहिलं. तळमजला लिहिला, नळाचं पाणी लिहिलं. मग वर न बघता म्हणाला, "कुणाला कळता कामा नये?"

मी विचार केला. मग म्हटलं, "कुणालाही कळू दे." त्यानं ती ओळ कोरी सोडली.

बाहेर पडलो आणि मला भेटेल त्याला सांगत सुटलो. बाकावरच्या बाईला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, तो म्हणाला, काका, पाय आत घ्या. गावात उतरल्यावर घरी न जाता शेजारच्या बाईच्या दारात गेलो. म्हटलं, मी डहाणूला खोली बघतोय. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "आता? ताई म्हणत होत्या तेव्हाच ऐकलं असतंत तर."

मी उंबऱ्यावर बसलो आणि तिला सांगितलं, की दिवाळीनंतर मीही गेलो होतो.