मुक्या जेवणातलं चौथं ताट

शनिवारी आर्वोला, इथल्या भाषेत दुपारनंतर, लॅबची शिफ्ट संपवून घरी आले, तर दारातच सुकटीचा वास. इथे परदेशात, मॉसन लेक्सच्या या घरात मी सुकट कधी करत नाही, शेजारी काय म्हणतील या धास्तीने. आत बघते तर टेबलावर चार ताटं. आम्ही माणसं तीन.

"चौथं कोणाचं?"

"आजोबांचं," लेक म्हणाली.

लेक युनिव्हर्सिटीत शिकते. तिथे तिला एक ग्रुप भेटलाय, ख्रिस्ती धर्माच्याही आधीचे युरोपातले ऋतूंचे सण पाळणारा. त्यांचा मेलेल्यांची आठवण काढायचा सण तिकडे ऑक्टोबर संपताना येतो. पण इथे दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, पानगळ एप्रिल-मेची, म्हणून इथली मंडळी तो आत्ता करतात. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मार्चमध्ये त्यांच्या सुगीच्या सणाला तिने द्राक्षं नि भोपळा मांडून दिवा लावला, तेव्हा मीच हौसेने फोटो काढले होते. पण मेलेल्या माणसाला ताट? माझं डोकंच फिरलं.

"हे श्राद्ध आहे," मी म्हणाले. "आपण बौद्ध आहोत. श्राद्ध करणार नाही, पिंड ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा घेतली होती माझ्या बाबांनी. स्वतःच्या आईच्या वेळी कावळ्याला घास ठेवू दिला नाही, म्हणून सख्ख्या काकाने बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. आणि त्यांची नात त्यांचंच पान वाढणार? उचल ते!"

"इट्स नॉट श्राद्ध, आई. ना भटजी, ना कावळा. फक्त त्यांच्यासोबत जेवायचं, एक शब्दही न बोलता. दॅट्स इट."

"बस गं, भूक लागलीये," नवरा म्हणाला. घराला आग लागली तरी हा माणूस आधी जेवून घेईल.

बसले. लेकीने मेणबत्ती लावली. कोणी बोलेना. नवऱ्याच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता. समोरच्या ताटात वेडीवाकडी भाकरी, सुकट, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. हे हिला कोणी सांगितलं? बाबा कांदा कधी कापू देत नसत. म्हणजे हिने गुपचूप मामाला फोन केला होता. मला विचारलं नाही! मग लक्षात आलं, बाबांचा विषय निघाला की मी उठून जाते. विचारणार कशी?

तेही सहन होईना. उठले, ते ताट उचललं आणि सरळ कचऱ्याच्या डब्याकडे निघाले.

"मग तू काय केलंस त्यांच्यासाठी?" नियम मोडून लेकच बोलली. "सांग ना. व्हॉट डिड यू डू?"

काय सांगू, कप्पाळ? दोन वर्षांपूर्वी बाबांचा अंत्यविधी मी लॅबच्या कार पार्कमध्ये फोनवर पाहिला. दहा मिनिटं. चष्मा पुसला आणि परत सॅम्पल लावायला गेले. "आता येऊन काय करू?" असं भावाला म्हणाले. त्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही गेले नाही. सुट्टी मिळत होती. रजा नाही असं सगळ्यांना खोटं सांगितलं, कारण बाबा नसलेलं घर बघायची मला भीती वाटत होती. आणि आज त्यांच्याच प्रतिज्ञेच्या आड लपून मी पोरीवर ओरडत होते.

डब्याचं झाकण उघडं होतं. ताट हातात.

"तुला वाटतं ते येतील जेवायला?" मी विचारलं.

"आय डोन्ट नो."

"नाही येणार गं. मेलेत ते. माझा बाप मेला."

हे वाक्य मी दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. नवरा जेवण टाकून उठला आणि त्याने मला त्या चौथ्या खुर्चीत बसवलं. लेकीने ताट माझ्या हातून घेऊन पुढ्यात ठेवलं, भाकरीचा तुकडा मोडून दिला. सुकट खारट झाली होती. मी रडत रडत सगळी खाल्ली.