मुखपृष्ठावरची पाठ

मी कमी बोलते. म्हणजे सगळे तसं म्हणतात, आणि मी काही बोलत नसल्यामुळे ते खोडून निघत नाही. बघते मात्र सगळं. कुणाच्या साडीची निरी सुटलीय, कोण बिनसाखरेचा चहा मुकाट पितंय, माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा लग्नापर्यंत माझा समज होता. तो सांगलीत आल्यावर कसा उतरला, ते सांगते. तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. फक्त कप खाली ठेवून हसा.

माझं माहेर साताऱ्याचं. सासरचं घर कुपवाडच्या रस्त्याला. घरात आम्ही चौघं. सासूबाईंना आत्या म्हणायचं आणि सासऱ्यांना मामा, हे पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. मामा फौजेतून निवृत्त झालेले. आता कडेगावचा ऊस बघायचे आणि आठवड्यातले निम्मे दिवस तिकडेच असायचे. आमचे हे कुपवाडच्या एका कारखान्यात. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचं काम. ‘मुलगा चित्रं काढतो’ असं सांगून लग्न जमवलं होतं, आणि नट-बोल्ट ही चित्रंच असतात, त्यामुळे कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही.

दुपारी आत्या आडव्या झाल्या की मला काही काम नसायचं. एकदा पलंगाखाली झाडताना मामांची फौजेतली लोखंडी पेटी बाहेर ओढली. आत कपडे असतील म्हणून उघडली, तर निघाला अंकांचा गठ्ठा. ‘भगदाड’ नावाचं अनियतकालिक. संपादक, कुणी नाही. पत्ता, नाही. किंमत, द्याल ती. ह्यांनी आणि ह्यांच्या मित्राने, शिवाने, कॉलेजात असताना काढलेलं. कुठल्याशा कचेरीच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर, साहेब जेवायला गेले की शिपायाला भजी चारून छापायचे, आणि साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या वसतिगृहांत गुपचूप वाटायचे. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त रॉकेलसारखा शाईचा वास आला.

पानं उलटली. एका कवितेत पूर्णविरामच नव्हता. पुढच्या कवितेत नुसते पूर्णविराम होते. एक अख्खं पान काळं, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘नीट वाचा’. मी नीट वाचलं. बोटं काळी झाली.

पण मुखपृष्ठ! प्रत्येक अंकावर एकच बाई, आणि तीही पाठमोरी. कुठे बसलेली, कुठे वाकलेली, कुठे नुसती उभी, पण तोंड म्हणून एकदाही इकडे नाही. जाडजूड अंबाडा, मानेवर डावीकडे कललेला. बसलेली असली की एक पाय मांडीखालून बाहेर. मोजक्याच रेघा, पण त्या काढणाऱ्याने तिला किती वेळ बघितलं असेल, हे कळायला चित्रकलेची परीक्षा द्यावी लागत नाही. खाली नाव ‘ती’. कोपऱ्यात सही ह्यांची.

आता नव्या नवरीने अशा वेळी काय करायचं? विचारायचं. सरळ आहे. मी विचारलं नाही. गठ्ठा होता तसा ठेवला, साबणाने बोटं घासली आणि संध्याकाळी ह्यांना रोजच्यासारखा चहा दिला. साखर घातली नाही. त्यांनी मुकाट प्यायला. बघा, म्हणजे मनात काहीतरी असणारच की नाही?

रविवारी शिवा आला. ते दोघे बाहेरच्या खोलीत, मी आत ओट्यापाशी पोह्यांच्या फोडणीला उभी. मधलं दार उघडं. ‘भगदाड’ पुन्हा काढायचं चाललं होतं. मी उलथनं हातात तसंच धरून ठेवलं. त्याचा आवाज होतो.

“मुखपृष्ठावर तीच पायजे गड्या,” शिवा म्हणाला. “तिच्याबिगर ‘भगदाड’ वाटनारच न्हाई.”

“ते खरं रं. पण आता ती पहिल्यासारखी बसत न्हाई. आन् कळलं तर जीव घेईल माझा.”

“म्हंजे तिला अजून ठावंच न्हाई?”

“कसं असंल? सगळी चोरूनच काढलेली.”

“आन् वहिनींना?”

“तिला कशाला सांगू? बोलता बोलता निघून जायचं तिच्या तोंडातनं.”

माझ्या तोंडातनं. जिच्या तोंडून सासरी आल्यापासून ‘हो’ आणि ‘वाढू का’ याखेरीज काही निघालं नव्हतं, तिच्या. कढईतली मोहरी काळी पडली, मिरच्यांचा ठसका उठला. हे दारात येऊन “काय जळतंय?” म्हणाले. मी वळलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सांगलीतल्या बायकांच्या पाठी बघायला लागले. नळावर, देवळात, मंडईत. तुम्ही कधी लक्ष देऊन बघितल्यात का? एकीसारखी दुसरीची नसते. पण डावीकडे कललेला अंबाडा मिळेना. शेवटी मंडईत एक दिसला. मी तिच्यामागे निघाले. ती थांबली की मी वांगी चाचपायची, ती चालली की मी चालायची. ती एका हळदीच्या दुकानात शिरली, मीही शिरले. तिने एकदम मागे वळून बघितलं. साठीच्या बाई, तोंडात दात बेताचेच.

“काय पायजे गं पोरी?”

काय सांगणार? “हळद,” म्हटलं, आणि घेतली.

सांगलीत, जिथे शेजारीपाजारी घरची हळद वाटीने आणून देतात, आणि आमच्याच माळ्यावर हळदीचा डबा भरलेला असतो, तिथे मी पिशवीभर हळद विकत घेऊन आले. आत्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बरी हाईस न्हवं?” एवढंच म्हणाल्या.

मी बरी नव्हते. गंमत सोडा, पण ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचं, त्याच्या मनात आधीच कुणीतरी बसलीय आणि ती आपल्याकडे बघतसुद्धा नाही, हे काही बरं वाटण्यासारखं नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि साताऱ्याला दादाला फोन लावला. “मला न्यायला ये,” म्हटलं, आणि ठेवला. पलीकडे माझ्या भावाचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. माझी नजर मीटरवर होती.

घरी येते तो आत्या पलंगावर बसलेल्या आणि पुढ्यात गठ्ठा.

“पलंगाखालचं झाडायला तुला रोज दुपार पुरत न्हाई, म्हनून बघितलं,” त्या म्हणाल्या. “काय हाय हे? आन् डोळं का सुजलं?”

तेव्हा मी सासरी आल्यापासूनचं पहिलं पूर्ण वाक्य बोलले. “ही ह्यांची कोणीतरी आहे, आणि आता पुन्हा तिचंच चित्र काढणार आहेत.”

आत्यांनी अंक हाताच्या अंतरावर धरला. त्यांचा चष्मा बहुधा देवघरात असायचा आणि त्या बहुधा नसायच्या.

“ही भवानी?” त्यांनी डोळे बारीक केले. “बसलीय बघ कशी. एक पाय भाईर. आईबापानं वळन लावलं न्हाई. आन् अंबाडा हाय का शेणाचा पो?”

दुसरा अंक उचलला. “पाठ बघ, जात्याच्या तळीगत. लय आळशी असनार ही. लिहून घे.”

तिसरा उचलला आणि जरा थांबल्या. “हिला मी कुठंतरी बघितलंय गं.”

“कुठं?” मी पुढे सरकले.

“आठवंना. पर चांगल्या जागी न्हवं.”

मग पदर खोचून म्हणाल्या, “उद्या घरीच हाय तो, मग बघते त्याला. तू रडू नगंस. ह्या घरात ती राहील न्हाईतर मी.”

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, त्यामुळे ह्यांना पळायला जागा नव्हती. शिवा नव्या अंकाचे कागद घेऊन आलेला. तेवढ्यात दादा पोचला. रात्रभर झोपला नसावा. बरोबर एक मोठी रिकामी बॅग आणली होती, माझं सामान भरायला. कुणाला नमस्कार नाही की पाणी नाही. खुर्चीच्या टोकावर बसला आणि बॅग मांडीवर धरली.

आत्यांनी गठ्ठा जमिनीवर आपटला.

“कोन ही? नाव सांग.”

ह्यांचा चेहरा उतरला. “आई, जाऊ दे ना.”

“जाऊ दे? सून निघाली म्हायेरला आन् जाऊ दे? पावनं आल्यात साताऱ्यासनं. त्यांच्या म्होरं सांग. कोन ही अंबाडेवाली?”

“आई, तिला असं बोलू नको.”

“अजून कड घेतोस तिची?”

दादाने बॅगेची चेन उघडली. शिवा हळूच चपला शोधायला लागला.

“त्यांना जाऊ देऊ नका, त्यांना सगळं माहीत आहे,” मी म्हणाले. माझं दुसरं पूर्ण वाक्य. शिवाने एक चप्पल घातली होती, तीही काढली.

“असल्या बाईत काय बघितलंस रं?” आत्यांचा आवाज चढला. “ना बसायची रीत, ना केसाला वळन. म्होरनं तर काय ध्यान असंल, म्हनून तर तोंड दाखवत न्हाई.”

आणि दारात मामा. कडेगावहून आलेले, हातात दुधाची किटली, टोपीवर उसाच्या पाल्याची कुसं. एवढी माणसं जमलेली बघून बिचकले. मग पायाशी पडलेला अंक उचलला, एकदा बघितला आणि आत्यांना म्हणाले,

“तुझं चित्र कवा काढलं गं ह्यानं?”

“कुनाचं?”

“तुझं की.”

किटलीच्या झाकणाचा तेवढा आवाज झाला.

“आवं, डोळं तपासून घ्या,” आत्या म्हणाल्या.

“डोळं कशाला? सुट्टीवर यायचो तवा रुसून बसायचीस न्हवं का, तिकडं तोंड करून? माझी निम्मी सुट्टी ही पाठ बघन्यात सरायची. मी न्हाई वळखायची तर कुनी?”

आत्यांनी मान वळवून स्वतःच्या खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न केला. कुणालाच जमत नाही ते.

हे खाली बघून म्हणाले, “चित्र शिकायचं तर कुणीतरी एका जागी बसायला पायजे होतं. भाकरी करताना तूच बसायचीस. म्होरनं काढायची छाती नव्हती.”

“आन् हे वाटलंस गावभर?”

“मिरजेपर्यंत.”

“तोंड कुनी बघितलं न्हाई,” मामा म्हणाले. “वाचली पोरं.”

आत्या उठल्या. मारायला उठल्या असं आम्हाला सगळ्यांना वाटलं, हे दोन पावलं मागेही सरले. पण त्या देवघरात जाऊन चष्मा घेऊन आल्या. अंक मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “एवढं केस हुतं व्हय माझं?”

अंबाड्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. मग एकदम दादाकडे वळल्या.

“बघा हो पावनं, कसा नीट बांधलाय. आताच्या पोरींना जमंल? आन् पाय भाईर हाय तो गुडघा धरायचा म्हनून. रीत मला बी ठावं हाय.”

भांडायला आलेल्या माझ्या भावाला त्यांनी सगळे अंक एकेक करून दाखवले. त्याला प्रत्येक पाठीला “वा” म्हणावं लागलं. संध्याकाळच्या एसटीने तो परत गेला. बॅग रिकामी नेणं वाईट दिसतं म्हणून आत्यांनी तिच्यात मी आणलेली हळद भरून दिली.

आणि मी? आल्या दिवसापासून ह्या घरात मी कुणाच्या मागे चालत होते? देवघरातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून परसात, आत्या पुढे आणि मी मागे. सगळी सांगली पालथी घातली ती पाठ शोधायला, आणि ती पाठ दिवसभर माझ्या नाकासमोर होती.

महिन्याभराने नवं ‘भगदाड’ निघालं. शिवा अंक घेऊन आला तेव्हा शाई ओलीच होती. मामा, आत्या, हे, सगळे माझ्याकडे बघत होते. ह्या वेळी मी चुकणार नव्हते. अंक हातात घेतला, नीट निरखला. पुन्हा पाठमोरी बाई. उभी, हातात उलथनं, डोकं एका बाजूला कललेलं.

“छान आहे,” मी म्हणाले. आता मी घरात बोलत असे. “फक्त आत्या ओळखू येत नाहीत. अंबाडा फारच बारीक झालाय. मान बघा कशी ताणलीय, बगळ्यासारखी. आणि उभं राहणं जरा चोरटंच वाटतं. आत्या काही अशा उभ्या राहत नाहीत.”

शिवा छताकडे बघायला लागला. शेवटी आत्यांनी चष्मा लावला आणि माझ्या खांद्यावरून वाकून अंकावर बोट ठेवलं.

“ही मी न्हवं गं बया,” त्या म्हणाल्या. “ती कढई बघ.”

मी बघितलं. कढईतून चार वाकड्या रेघा वर निघाल्या होत्या.

धूर मात्र अगदी हुबेहूब होता.