चौथ्या पुस्तकापाशी

महाराजांवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच कबूल करते. भक्त ते आमचे हे. महाराजांनी लिहिलेली अकरा पुस्तकं ज्या क्रमानं छापून आली त्याच क्रमानं वाचायची, एकही गाळायचं नाही, हा ह्यांचा नेम. "शेवटचंच वाचा आणि सुटा एकदाचे," असं मी चिडवायची. मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू चालू लागले, पण वाचा गेली ती गेलीच. ज्या माणसाला 'गप्प बसा हो' म्हणताना मी थकत नव्हते, त्याच्या एका हाकेसाठी सहा महिने जीव तरसला.

शेवटी ह्यांच्यासाठी मीच मोठ्यानं वाचायला बसले. तीन पुस्तकं झाली. चौथं कुणी तरी नेलेलं, परत न आलेलं. दुकानांतही मिळेना. मी सरळ पाचवं उघडलं, तर ह्यांनी डाव्या हातानं ते मिटवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आलं आणि रागही. देवाला काय पुस्तकांचे नंबर लागतात?

परभणीच्या दवाखान्यात ह्यांना व्यायामाला न्यायची. एकदा बाकावर पाचवं पुस्तक चाळत बसले होते. शेजारी येलदरीकडची एक बाई होती, घरी मेंढरं राखणारी. वरचा फोटो बघून म्हणाली, "ह्या बाबाचं पुस्तक आमच्या देव्हाऱ्यात हाय. सासऱ्यानं आणलेलं. वाचाय कुणाला येत न्हाई, रोज पूजा करतो."

मी हात जोडून ते मागितलं. "देव घराबाहेर कसा धाडू, ताई? तुमीच या की."

गुरुवारी ह्यांना घेऊन गेले. तिनं पुस्तकावरचं लाल कापड सोडलं. चौथंच होतं. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवानं पानं चिकटली होती. ती हलकेच सोडवत मी वाचू लागले. घरची सगळी भोवती बसली. एका ओळीत आलं, 'ज्याचं त्याच्या पायाशी ठेवलं, की हात' आणि पुढचा शब्द कुंकवाच्या डागाखाली गेलेला. मी अडले.

"मोकळे," मागून आवाज आला.

घोगरा, जड, पण ह्यांचाच. माझी मान वर होईना.

"का थांबलाव, ताई? वाचा की, आमी ऐकायलोत," बाई म्हणाली. ह्यांची वाचा गेलेली, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी रडत रडत सांगितलं, तेव्हा तिनं आधी पुस्तकाला डोकं टेकवलं. मग म्हणाली, "आमाला पयल्यापासनं ऐकवा."

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. होत असेल, मी वाद घालत नाही. त्या बाईचे आणि जो कुणी तिला त्या बाकावर बसवून गेला त्याचे उपकार मात्र या जन्मी फिटायचे नाहीत. आता दर गुरुवारी तिच्या घरी आम्ही पहिल्या पुस्तकापासून वाचतो. ह्यांचे शब्द अजून मोजकेच आहेत, आणि पुढचा कधी येईल हे मी आता विचारत नाही. परवा घाईत माझ्याकडून एक ओळ गळाली. ह्यांनी पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हळू." उभ्या संसारात ह्यांचं एवढं एकच मी कधी ऐकलं नव्हतं. आता ऐकते.