बिराप्पाचा सराटा

बिराप्पानं आणि मी उमरग्याच्या एका कॉलेजात माळीकाम केलं. खुरपणीत तो कच्चा. सराट्याचं काटेरी तण वरूनच ओरबाडायचा, मुळी जमिनीत तशीच. मागून मी पुन्हा काढायचो. वाटेवर सांडलेले काटे मी ओलं पोतं ओढून उचलायचो, तो सावलीत बोलत बसायचा. पण बोलायचा झकास.

एकदा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शिवप्रिया मॅडमनी आम्हा दोघांना सराट्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द सांगितला. ट्रिब्युलस. मूळ ग्रीक, अर्थ तीन टोकांचा. जुन्या लढायांत घोड्यांच्या वाटेत लोखंडी काटे पसरायचे. कसाही पडला तरी एक टोक वरच. त्या काट्याचं नाव या झाडाला मिळालं.

ऐकलं दोघांनी. कॉलेजात आलेल्या पाहुण्यांना सांगितलं बिराप्पानं, मूठभर सराटे फरशीवर फेकून. "घोडा असो की साहेब, पाय टाकून दाखवा." सगळे हसले. त्याचं नाव झालं.

आता दोघंही निवृत्त. तरी दर दिवाळीनंतर नव्या पोरांना हे सांगायला कॉलेजची गाडी त्याला न्यायला येते. माझ्या दारावरून जाते. माझा जळफळाट होतो.

यंदा गाडी यायच्या आधी तो माझ्या अंगणात आला. गुडघे गेलेत, रानात फिरणं होत नाही.

"अण्णाराव, सराटा हाय का?"

"हाय की कोपऱ्यात," माझी बायको गिरिजाबाई आतून म्हणाली. "जन्मभर कॉलेजातला उपटला, आन् घरी पाणी घालून वाढवलाय."

"पाणी न्हाय घातलं," मी म्हणालो.

बिराप्पानं हिरवीच फळं तोडून पिशवीत टाकली. हिरव्याचा काटा बोटानंही दबतो. फरशीवर टोक उभं राहणार नाही. पोरांसमोर फजिती झाली असती. त्यासाठी मला फक्त गप्प बसायचं होतं.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"आण इकडं." मी पिशवी पालथी केली. वाळलेली फळं शोधली, चुरून फाका सुट्या केल्या, एकेक फरशीवर टाकून पाहिली. ज्यांचं टोक वर राहिलं तेवढ्याच पिशवीत भरल्या.

"लई वेळ लावतोस, पहिल्यासारखाच."

"आन् तू पहिल्यासारखंच कच्चं काम करतोस."

तो हसला आणि जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला. कॉलेजात माझं नाव घेतो का, कधी विचारलं नाही. घेत नसणार.

अंगणभर काटे सांडले होते. मी पोतं भिजवलं आणि ओढायला लागलो.