मामांच्या टायरांतलं पाणी

पंक्चरवाले मामा जगातली कुठलीही वस्तू फेकून द्यायला तयार नसत. वाकलेला खिळा, फाटकी ट्यूब, झाकण हरवलेला डबा, सगळ्यांचा म्हणे पुढेमागे उपयोग होणार होता. टायरांची तर गोष्टच सोडा. घरामागच्या उताराची माती ढासळू नये म्हणून त्यांनी जुन्या टायरांची रांग रचली होती, आणि वर उरलेल्यांचा ढीग होताच. "या घरात माझ्यापेक्षा टायरांचा मान मोठा," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. दुपारी मात्र त्याच मागच्या दारात वाऱ्याला चटई टाकून झोपत.

एक दिवस मामींना सणसणून ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, आणि कूस बदलायची म्हटलं तरी जीव जाई. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डेंग्यू आहे. भरपूर पाणी पाजा. तापाची ही गोळी सोडून अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी मनाने द्यायची नाही. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो, असं समजू नका. खरं जपायचं ते तेव्हाच. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, कुठून रक्त आलं, की तडक घेऊन या."

मामांनी गुन्हेगार तिथल्या तिथे ठरवला. वाण्याच्या दुकानासमोरचं गटार! त्यांनी वाण्याशी कडाक्याचं भांडण केलं, संध्याकाळी घरभर धूर केला, रात्री मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचली. या रागात निम्मी भीतीच होती. मामींशिवाय या माणसाला स्वतःचा सदरा सापडत नसे.

ताप उतरला. मामी उठून बसल्या, पेज प्यायल्या, आणि मामा शीळ घालत दुकानात गेले. थोड्या वेळाने सहज डोकावले, तर मामी भिंतीला टेकून पोट धरून बसलेल्या. हात गार.

"काही नाही हो. गिऱ्हाईक सोडून कशाला आलात?"

गिऱ्हाईकाचं चाक तसंच उघडं टाकून मामांनी त्यांना रिक्षात घातलं. वाटभर तो गार हात त्यांनी सोडला नाही.

"वेळेत आणलंत," सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घराजवळ पाणी कुठे साचतं?"

मामांनी गटाराचं साग्रसंगीत वर्णन केलं.

"गटार नव्हे हो. हा डास भारी चोखंदळ. त्याला स्वच्छ पाणी लागतं. कुंडीखालची बशी, उघडं पिंप, जुने टायर. चावतोही दिवसाढवळ्या. आणि तापातल्या माणसाला चावला, की तेच दुखणं पुढच्या घरी नेतो."

मामा उठले. घरी जाऊन त्यांनी एका टायरात वाकून पाहिलं. नितळ पाण्यात चिमुकल्या अळ्या खालीवर वळवळत होत्या. मामा तिथेच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मामींचा धोका टळला असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा कुठे मामांना बोलायचा धीर झाला. "वाण्याला उगाच शिव्या दिल्या गं. माझ्याच टायरांत झालेत ते डास."

आता तोफ सुटणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"शेजारची सून दिवसभर मागच्या अंगणात असते," मामी हळूच म्हणाल्या. "पोटुशी आहे पोर. आणि तुम्ही इथे काय बसलात?"

ढीग त्याच दुपारी भंगारवाल्याकडे गेला. रांग मात्र हलवता येईना, सगळी माती खाली आली असती. पाणी उपसावं, तर पुढच्या सरीला पुन्हा भरणार, आणि आतल्या कडेला चिकटलेली अंडी सुकूनही जगणार. मामांनी ड्रिल आणलं. टायरच्या तळाशी टेकवलं आणि तसेच थांबले. सगळा जन्म भोकं बुजवण्यात गेलेला. स्वतःहून पाडायला हात धजेना. कुंपणापलीकडे सून कपडे वाळत घालत होती. मामांनी डोळे मिटून बटण दाबलं. पाणी भळाभळा मातीत सांडलं.

"अहो मामा," सून ओरडली, "धडधाकट टायर का फोडताय?"

मामांनी बाहीने तोंड पुसलं. पुष्कळ सांगायचं होतं.

"तुझ्या मामींनी सांगितलंय," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या टायरापाशी सरकले.