अण्णांचा जागा हात

दवाखान्याच्या बाकावर अण्णा बसल्या बसल्या झोपले होते, पण त्यांचा उजवा हात जागाच होता. हातात पुठ्ठा असल्यासारखं मनगट सावकाश हलत होतं. स्टँडसमोरच्या आपल्या हॉटेलात ते निखाऱ्यांना असाच वारा घालत असतात, आणि त्यांवर भाजलेल्या कोंबडीवर अख्खं गाव जीव टाकतं.

कंपाउंडरने त्यांचा नंबर पुकारला. शेजारी बसलेल्या काकू हलकेच म्हणाल्या, "राहू द्या. घरी डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा." मग मागचे एकेक जण पुढे गेले.

काम एकदा माणसाबरोबर घरी आलं की परत जायचं नाव घेत नाही. शाळेतून निवृत्त झालो तरी मी अजून बोटांवरचा खडू झटकतो. शरीर थकून झोपतं. हाताला कुणी सांगायचं, आज सुट्टी आहे म्हणून?

तेवढ्यात अण्णांचा हात थांबला. बाकांवरचे आम्ही सगळेच दचकून त्यांच्या छातीकडे पाहू लागलो. कंपाउंडर पुढचा नंबर पुकारायचं विसरला. छाती संथपणे वरखाली होत होती.

काकूंनी तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"आत्ता कुठे झोपले," त्या म्हणाल्या.